त्रेसष्ट घरं, एक परवानगी

६ जानेवारी १९७४, रविवार
आजपासून रोजनिशी. माझ्या हातून आता जे होणार, त्याची नोंद कुठंतरी राहिली पाहिजे.
विहारात सभा झाली. आपली मैत्रीनगर वस्ती सरकारी नकाशात नाही, हे आज सगळ्यांना कळलं. मला आधीच माहीत होतं, पण कुणी विचारलं नाही. नकाशा १९३१ चा. आपल्या जागी एक विहीर आणि 'पडीत' हा शब्द, बस. वस्ती बसली सत्तावन साली. आता त्या 'पडीत' मधून चाळीस फुटी रस्ता आखलाय. म्हणजे त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं साफ. २८ फेब्रुवारीपर्यंत हरकत घ्यायची, सोबत घरं दाखवणारा नकाशा पाहिजे. नकाशा नाही तर हरकत नाही.
पंच कमिटीचे देवाजी म्हणाले, आपल्यात नकाशाचं कोणाले समजते गा? सगळे माझ्याकडे पाहू लागले. उभा राहिलो. म्हटलं, बावीस वर्षं इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसर आहे, आठ दिवसांत देतो. टाळ्या पडल्या. बायकोनं, कौसल्यानं, वाजवल्या नाहीत. हातात विणकाम होतं, म्हणून असेल.

७ जानेवारी
प्लॅन पक्का. सरकारी नकाशाची शीट आणायची, वर आरपार दिसणारं ट्रेसिंग क्लॉथ अंथरायचं, खालच्या रेघा गिरवायच्या, त्यावर घरं टाकायची. चार दिवसांचं काम.

९ जानेवारी
शीट मिळाली. खाली बारीक अक्षरात छापलंय: लेखी परवानगीशिवाय नक्कल करण्यास मनाई. दुसरा कुणी असता तर डोळेझाक केली असती. मी वाचणारा माणूस. आधी परवानगी, मग रेघ. अर्ज लिहिला. अक्षर इतकं सुरेख आलं की पाठवायचं जिवावर आलं.

१५ जानेवारी
नकाशा ऑफिसातले कृष्णकांत बाबू भले माणूस. नियमाचे पक्के. म्हणाले, अर्ज ठीक आहे, पण जो नकाशा काढणार त्याची प्रत सोबत जोडा. म्हटलं, परवानगी मिळाली की काढतो. म्हणाले, पण परवानगी द्यायची कशावर? मुद्दा बरोबर होता. आम्ही दोघंही बराच वेळ विचार करत बसलो. त्यांनी चहा पाजला.
प्रगती आहे.

२८ जानेवारी
आठ दिवस झाले का, असं देवाजींनी विचारलं. लोकांना एरवी मोजता येत नाही, आणि आलं तर असं येतं. सांगितलं, फाईल चालू आहे. म्हणाले, कुठं चालू आहे? हा काय प्रश्न झाला!
(फाईल कपाटावर आहे. वर पंख्याची धूळ बसते. मी आज रुमालानं पुसून आलो.)

३ फेब्रुवारी, रविवार
गल्लीतली सिंधूताई घरी आली. म्हणे, भाऊ, कायची परवानगी नि कायचं काय! घरं आपली, गल्ली आपली, पाय आपले. चाला नं, मोजून घेऊ. तुमी फक्त कागदावर काढा.
तिला शांतपणे समजावलं. ट्रेसर कधी पदरची रेघ घालत नाही. खाली मूळ नकाशा पाहिजे, तेव्हा वर रेघ उमटते. बावीस वर्षांत माझ्या हातून एक टिंब जास्तीचं गेलं नाही. साहेब लोक याचाच मान ठेवतात. सिंधूताई कौसल्याला म्हणाली, तुवा नवरा समजून नाही राहिला वं. आणि दोघी हसल्या. अडाणीपणाला औषध नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
कुणाला सांगणार नाही, पण इथं लिहितो. आज दार लावून बसलो. कोरा कागद, रेघा मारायचं रूलिंग पेन, इंडिया इंक, सगळं तयार. म्हटलं, निदान आपली गल्ली तर काढून पाहू. कोण पाहायला येतंय?
हात चालला नाही. कागदाखाली काहीच नव्हतं.  दोनदा पेन टेकवलं, दोन्ही वेळा शाईचा डाग.
शेजारचा रेडिओ जोरात होता. उजेडही बरोबर नव्हता. शाई जुनी. नवी शाई आणली की बघू.

१७ फेब्रुवारी, रविवार
बायकांनी परस्पर काम सुरू केलं! कपडे वाळत घालायची दोरी घेतली, हातहातभर अंतरावर गाठी मारल्या, नि सकाळपासून वस्ती मोजत फिरतायत. इतवारीच्या बाजारातून कापडाच्या गठ्ठ्यांवरचा खाकी कागद आणला नि चार तुकडे खळीनं चिकटवले. विहारात अंथरलाय. नियम असा केलाय की जिचं घर तिनंच काढायचं, दुसरीनं तिच्या भिंतीला हात लावायचा नाही. कारण पहिल्याच तासाला दोन जावांमध्ये हातभर ओसरीवरून जुंपली.
स्केल नाही, उत्तर दिशा नाही. विहिरीला बादलीसुद्धा काढलीय! मी पाहून आलो. बोललो नाही. चेहऱ्यावरून समजायला पाहिजे होतं.

१८ फेब्रुवारी
कौसल्यानं विचारलं, मी काढू का आपलं घर? सगळ्याइनं काढलं, आपलंच राहून राहिलं.
साफ नाही म्हटलं. माझा अर्ज सरकारदरबारी आहे. त्या बेकायदेशीर कागदावर माझ्या घराची रेघ दिसली तर अर्ज तिथंच फेटाळतील. तिला म्हटलं, आपली जागा मोकळी ठेवायला सांग. परवानगी आली की मी स्वतः स्केलमध्ये काढीन, रूलिंग पेननं. साऱ्या वस्तीत आपलं घर उठून दिसेल.
ती उठली. दोरीचं दुसरं टोक धरायला गेली.

२५ फेब्रुवारी
झोप नाही. तीन दिवस राहिले. कृष्णकांत बाबूंचे अक्षरशः पाय धरले. ते म्हणाले, साहेब दौऱ्यावर आहेत, कळमेश्वरला. मी कळमेश्वरला गेलो. साहेब पारशिवनीला गेले होते. पारशिवनीला गेलो तर कळलं, ते सकाळीच नागपूरला परतले. बसच्या खिडकीला डोकं टेकवलं नि रडू आलं. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं, घरात कुणी गेलं. मी हो म्हटलं. तेवढीच बसायला जागा ऐसपैस मिळाली.
देव मानत नाही, दैव मानत नाही. पण सहीसाठी कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
सकाळी दहा ते पाच नकाशा ऑफिसच्या बाकावर. सही झाली नाही. मुदत संपली.  त्रेसष्ट घरं माझ्या भरवशावर होती आणि मी बाकावर बसून होतो.
घरी आलो तर वस्तीत आनंद! देवाजी नि सिंधूताईनं तो खाकी कागद चार वाजता दाखल करून पोचसुद्धा आणली. विहिरीच्या बादलीसकट!
बघू काय होतं ते. मी माझ्याकडून स्वच्छ राहिलो.

१४ मार्च
साहेब पाहणीला आले. खाकी कागद हातात घेऊन गल्लीगल्लीत फिरले, कागदावर जी घरं होती तेवढी टेप लावून मोजली. हातभराचासुद्धा फरक निघाला नाही म्हणे. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली. रस्ता वळवणार असं कबूल करून गेले. वस्तीभर गोड जेवण झालं.
माझ्या अर्जाचं दडपण वर पडलं असणार, त्याशिवाय साहेब इतके नरमायचे नाहीत. कौसल्याला हे सांगितलं. तिनं भात वाढला.

३० मार्च, शनिवार
परवानगी आली!!
 तीनदा वाचलं. बायकांच्या कागदाला ऑफिसनं नंबर दिलाय, म्हणजे तो आता सरकारी नकाशा झाला. आणि सरकारी नकाशाची नक्कल करायची मला लेखी परवानगी! अट एकच: जसाच्या तसा उतरवावा, काहीही वाढवू किंवा कमी करू नये. अशी अट वाचूनच मन शांत होतं. रेकॉर्डसाठी ट्रेसिंगच्या तीन प्रती पाहिजेत, म्हणून देवाजींनी काम माझ्याकडेच दिलं. शेवटी यावं लागलं ना माझ्याकडे!

७ एप्रिल, रविवार
काम पूर्ण. काय सांगू, आज पेन नुसतं पाण्यासारखं चाललं. खाली मूळ होतं ना! साहेबांनी नवा रस्ता लाल शाईनं टाकलाय, तोही हुबेहूब उतरवला. मानलं पाहिजे साहेबांना. उजवीकडच्या गल्लीत नेमकी एक मोकळी जागा होती, तिथूनच रस्ता असा सफाईनं काढलाय की कुणाच्या भिंतीला धक्का नाही. बासष्ट घरं, बासष्टही सुरक्षित. खाली कोपऱ्यात माझी सही.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. विहारात माझं ट्रेसिंग लावलं. रांग लागली. जो तो आपल्या घरावर बोट ठेवून पोरांना दाखवत होता. कौसल्या नकाशासमोर फार वेळ उभी होती. अक्षर पाहत असेल. मी मागून विचारलं, कसं आहे? ती म्हणाली, लयच साफ काढलं तुमी. बावीस वर्षांत तिनं पहिल्यांदा माझ्या कामाची तारीफ केली.

१८ एप्रिल
रस्त्याच्या खुंट्या ठोकायला माणसं आली. एक खुंटी आमच्या अंगणात ठोकली. एक मोरीत. तिसरी चुलीजवळ ठोकायची म्हणून बाई जरा पातेलं उचला म्हणाले.
मी ओरडलो, चूक होतेय, नकाशा बघा! त्यांनी दाखवला. माझंच ट्रेसिंग.

१९ एप्रिल
कृष्णकांत बाबूंकडे धावत गेलो. अक्षरशः गयावया केली. त्यांनाही वाईट वाटलं, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. पण म्हणाले, नकाशात ती जागा मोकळी आहे, आणि खाली सही तुमचीच. दुरुस्ती करायची तर हरकत घ्या. हरकतीची मुदत २८ फेब्रुवारीला संपली.
सिंधूताई घरी येऊन रडली. म्हणाली, कौसल्या, म्या काढून द्यायले पाहिजे होतं वं, नियम गेला खड्ड्यात. कौसल्या म्हणाली, तुयी काय चूक. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ एप्रिल, रविवार
सामान बांधणं सुरू आहे. मोठ्या मुलीकडे जायचंय, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. घर उद्या पाडतील.
दुपारी कौसल्यानं माझ्यापुढे कागद नि पेन्सिल ठेवली. म्हणाली, आता तर कोणाची परवानगी नाही पाहिजे नं? घर उभं हाय तोवर काढून द्या. मले ठेवायचं हाय.
बसलो. तासभर बसलो. घरातच बसलो होतो, भिंती समोर होत्या. एक रेघ आली नाही. काहून येत नाही, काहीच समजत नाही. कागद भिजला.
शेवटी तिनंच पेन्सिल घेतली. दार, मोरी, खिडकी, चूल, पाच मिनिटांत सगळं जागच्या जागी. चांगलं आलं होतं. मी म्हटलं, दे, मी हे ट्रेस करून ठेवतो.
तिनं कागद दिला नाही.