यागोदाच्या वाटणीचं लिव्हर

१९ नोव्हेंबर
बेलग्रेडहून परत आलो. रक्तगट जुळला! यागोदाला माझं लिव्हर चालणार. सगळं नव्हे, तुकडा. उरलेलं म्हणे आपोआप वाढतं, पालीच्या शेपटीसारखं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र पडलेला. म्हणाल्या, फॅटी लिव्हर आहे, इतक्या चरबीचं देता येणार नाही. दारूचा थेंब नको, वजन उतरवा, चाला, फ्लूची लस घ्या, डिसेंबरअखेर परत दाखवा. बहिणीकडे फार वेळ नाही, हेही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मी ड्रायव्हिंग शिकवतो. निम्मं चाचाक गाव माझ्याकडे ब्रेक मारायला शिकलं. मला स्वतःला थांबवणं काय अवघड!

यागोदा गाडीत मागे बसली होती. डोळे पिवळे झालेत पोरीचे. माझ्याहून धाकटी, पण दिसते थोरली. उतरताना म्हणाली, दादा, नाही जमलं तरी मी रागावणार नाही हं. फार वाईट वाटलं. हिला वाटतंय मला जमणार नाही?

उद्यापासून सुरू.

२० नोव्हेंबर
आज सुरू करणार होतो. पण अठ्ठावीसला नाताळचं व्रत लागतंय. मांस, अंडी, दूध बंद, थेट सात जानेवारीच्या आमच्या ऑर्थोडॉक्स नाताळपर्यंत. देवाने आयतं डाएट आखून दिलंय, मग आठ दिवसांसाठी वेगळं कशाला? शिवाय फ्रीजमधलं डुकराचं मांस कोण संपवणार? बायको, म्हणजे विदा, म्हणाली, कुत्रा.

२८ नोव्हेंबर
व्रत सुरू. तळलेले बटाटे, तेलात मुरलेला राजमा, पाव, लाल मिरच्यांची चटणी, अक्रोडाचा केक. केकमध्ये लोणी नाही, मार्गरीन. मांसाचा कण नाही पोटात. लिव्हरला हलकं वाटत असणार.

विदा म्हणाली, हा कसला उपास, दुप्पट खाशी. बायकांना श्रद्धाच नाही.

३ डिसेंबर
राकियाचा प्रश्न होता. सुटला. शेजारचा झार्को घरीच गाळतो. तो म्हणाला, अरे, आलुबुखारची आहे, म्हणजे फळच. व्रताला चालते, पाद्रीबाबासुद्धा घेतात. खरं आहे. आणि डॉक्टरीणबाई दारू म्हणाल्या होत्या, राकियाचं नाव घेतलं नव्हतं. तरी मी फक्त सकाळी एक छोटा ग्लास. औषधाला कुणी दारू म्हणत नाही.

चालणंही सुरू केलंय. झार्कोकडे जातो आणि परत येतो.

९ डिसेंबर
यागोदाचा नवरा मिलुतिन, त्याचा फोन. लस घेतलीस का? त्या दोघांनी घेतली. डॉक्टर म्हणालेत, यागोदाची तब्येत अशी झालीय की साधी सर्दीसुद्धा तिला झेपणार नाही. घेतो म्हटलं. तसा दवाखान्यापर्यंत गेलोही होतो. पण रांगेत सगळे खोकत होते. तिथे उभं राहून मलाच काही लागलं असतं तर? यागोदाच्या लिव्हरची जबाबदारी आहे माझ्यावर. परत फिरलो.

१९ डिसेंबर
संत निकोला. आमच्या घराण्याचा सण. बोलावणं कुणालाच नसतं, दार उघडं असतं, येईल तो जेवतो. व्रतातला सण, म्हणून फक्त मासे. यजमानाने प्रत्येकाबरोबर ग्लास उचलायचा असतो. पाहुण्याला एकट्याला पिऊ देणं म्हणजे त्याचा अपमान. मी प्रत्येक वेळी अर्धाच प्यायलो. दोन अर्ध्यांचा एक धरला तरी पाहुणे फार होते.

गर्दी नको म्हणून यागोदा आली नाही. फोनवर म्हणाली, दादा, माझ्या वाटणीचा केक ठेव. ठेवला होता. संध्याकाळी मीच खाल्ला, शिळा झाला असता.

२३ डिसेंबर
वजनकाटा बिघडलाय. विदा उभी राहिली की बरोबर दाखवतो. म्हणजे फक्त पुरुषांसाठी बिघडलाय.

सत्तावीसला बेलग्रेडला दाखवायचं होतं. फोन करून सांगितलं, इकडे फार बर्फ आहे. बारा जानेवारी मिळाली. बरंच झालं, जास्त वेळ मिळाला तर रिपोर्ट जास्त चांगला येईल. विदाने बाहेर पाहिलं. बाहेर ऊन होतं. म्हणाली, हे यागोदाला तू सांगणार की मी? मी फोन केला. म्हटलं, हॉस्पिटलनेच पुढे ढकललंय. यागोदा म्हणाली, असू दे रे दादा, त्यांनाही सुट्ट्या असतात. बाटली उचलून झार्कोला परत दिली. आता खरंच.

२८ डिसेंबर
थेंब नाही! हात थरथरतात, झोप नाही. चौकात एका मुलीने गाडी बंद पाडली तर तिच्यावर उगाच ओरडलो. पण जमतंय. विदाने पातळ सूप करून दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. कितीतरी वर्षांनी.

१ जानेवारी
काल थर्टी-फर्स्ट होता. कालचा दिवस धरू नये.

४ जानेवारी
सर्दी. विदाचा गुन्हा. पाव भाजताना तिने समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडल्या, आणि मी घामेजलेला मधोमध बसलेलो. आरपार वारा! झालं. याच वाऱ्याने आमच्याकडे तगडी माणसं आडवी झालीत. मोजे राकियात भिजवून पायात घातले. हे पिणं नव्हे.

६ जानेवारी
ताप. खोकला. विदा म्हणते, उद्या जाऊ नकोस. कसं जमेल? नाताळच्या सकाळी यागोदाच्या उंबऱ्यातून आत येणारा पहिला पाहुणा मी. तिचं लग्न झाल्यापासून मीच. पहिला पाहुणा चुकला की घराचं वर्ष वाईट जातं. आणि तेही यंदाचं वर्ष! विदा म्हणाली, तिला लागेल ना रे. मी शांतपणे समजावलं की विषाणूची सर्दी लागते, ही वाऱ्याची आहे, वाऱ्याची सर्दी दुसऱ्याला लागत नाही. ती म्हणाली, हे तुझ्या खोकल्याला ठाऊक आहे का?

उर्मट बाई.

७ जानेवारी
गेलो. मिलुतिन दारात आडवा. म्हणे, मास्क लाव. मी म्हटलं, पहिला पाहुणा तोंड बांधून येतो का? बँक लुटायला आलोय? आतून यागोदा ओरडली, मिलुतिन, माझ्या भावाला थंडीत उभं करतोस? सोड त्याला आत. दादाशिवाय माझं वर्ष कसं सुरू होणार?

ख्रिस्त जन्मला, म्हटलं. खरंच जन्मला, म्हणाली. गालांवर तीन मुके, रिवाजाप्रमाणे. शेगडीतलं ओकचं लाकूड काठीने डिवचलं आणि मोठ्याने म्हटलं, जितक्या ठिणग्या तितकं आरोग्य या घराला! खूप उडाल्या. यागोदा टाळ्या वाजवत होती, लहानपणी वाजवायची तशी. पहिल्या पाहुण्याला भेट द्यायची म्हणून तिने माझ्यासाठी स्वेटर विणून ठेवलं होतं. बोटांत जोर नाही, तरी विणलं. अंगाला घट्ट झालं. म्हणाली, मी तुझ्या नव्या मापाचं केलंय. मी म्हटलं, उतरतोय गं, बघ ना. तिने पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, दिसतंय की. इतकी चांगली आहे ती.

खोकताना तोंड वळवत होतो. प्रत्येक वेळी. बहुतेक वेळी.

१० जानेवारी
मिलुतिनचा फोन. यागोदाला ताप आलाय. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराला ही मोठी फट आहे. दुरुस्त कर म्हणून मी केव्हाचा सांगतोय.

१२ जानेवारी
माझ्या तपासणीची तारीख. बेलग्रेडला गेलो. यागोदा माझ्याआधीच तिथे पोचली होती, ऑक्सिजनवर. काचेतून दिसली. तिने हात हलवला असं मला वाटलं, पण नर्स म्हणाली, झोपल्यात त्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फ्लू आहे, फुप्फुसात उतरलाय. मी बाही वर केली. म्हटलं, आज माझी तारीखच आहे, घ्या तुकडा काढून, चरबीसकट घ्या. त्या म्हणाल्या, आता तिला ऑपरेशन सोसणार नाही. मग विचारलं, घरात कुणी आजारी होतं का? मिलुतिन जमिनीकडे बघत राहिला. मी म्हटलं, खिडकी उघडी राहिली असेल कुठेतरी.

१७ जानेवारी
यागोदा गेली.

२५ जानेवारी
लिहायला बसतो आणि उठतो.

दफनाच्या दिवशी टेकडीवर भयंकर वारा होता. गाव लोटलं होतं. म्हातारे, पोरंबाळं, सगळे त्या वाऱ्यात उघड्या डोक्याने तास-दीड तास उभे होते. मिलुतिन माझ्याशेजारी उभा राहिला नाही. आठवडा झाला, आल्या-गेल्याकडे चौकशी करतोय. कुणालाच सर्दी झाली नाही. विदाला विचारलं, का झाली नसेल? ती भांडी घासत होती. तिने नळ बंद केला.

११ फेब्रुवारी
सुतकातली दाढी वाढली आहे. अन्न जात नाही. झार्को बाटली घेऊन आला होता. दारातूनच परत पाठवली. मिलुतिनला फोन केला. त्याने उचलला, माझा आवाज ऐकला आणि ठेवला.

१४ मार्च
कपडे अंगावर लोंबायला लागले म्हणून विदाने धरून दवाखान्यात नेलं. नवा डॉक्टर आहे, या गावचा नाही, आमचं काही त्याला ठाऊक नाही. पोटावर यंत्र फिरवलं, नोव्हेंबरचा रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिला, परत यंत्र फिरवलं. खूश झाला. म्हणाला, शाबास काका, चरबी गेली की! असं लिव्हर तर कुणालाही देता येईल.

विदा उठून बाहेर गेली.

मी शर्टाची बटणं लावत बसलो. लागत नव्हती. डॉक्टर म्हणाला, तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा, माझ्या बाकीच्या पेशंटना उपयोगी पडेल.