सातवी ओळ

२ सप्टेंबर १९९६, मानपाडा, डोंबिवली

आजपासून नोकरी, म्हणून आजपासून नवी वही. विमलाबाईंच्या घरात वरची खोली मिळाली. पत्र्याची आहे पण स्वच्छ, जिना स्वतंत्र, आणि खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसते. ठाण्याहून निघताना आईने सुकटीचा डबा दिला होता आणि बजावलं होतं की घरमालकीणबाईंना विचारल्याशिवाय उघडू नकोस. विचारलं. विमलाबाई म्हणाल्या, उघड रे बाबा, आणि थोडी मलाही ठेव. सुरुवात चांगली झाली.

कारखाना रंगाचा. कंट्रोल रूममध्ये एसी आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात. मोठमोठ्या बंद टाक्यांना इथे रिॲक्टर म्हणतात. आत किती तापलंय ते पूर्वी माणूस जिना चढून वाचून यायचा, आता ते वायरीने कॉम्प्युटरवर येतं. माझं काम त्याचं टेबल मांडायचं. प्रत्येक रिॲक्टरची एक ओळ. कुठला रकाना दाखवायचा, कुठला लपवायचा, आकडा किती झाला की चौकट लाल करायची, हे सगळं ठरवून भरायचं. ओळी आपोआप लागतात, सगळ्यात तापलेली वर. अकरावी नापासाला हे काम मिळालं ते स्पेलिंगमुळे. शिफ्टच्या साहेबांना सगळे भाऊ म्हणतात. त्यांनी TEMPERATURE लिहायला सांगितलं. दोघं माझ्याआधी चुकले होते.

५ सप्टेंबर

माझ्याबरोबर आणखी एकाला घेतलंय. पोपट. जुन्नरकडचा, डिप्लोमा झालेला. दोघंही कच्चे, आणि भाऊंनी स्पष्ट सांगितलं की दसऱ्याला एकालाच पक्कं करणार.

मुलगा वाईट नाही. कँटीनच्या कलावतीने पहिल्याच दिवशी विचारलं, काय रे पोपटा, मिरची हवी का? त्याने मान वाकडी करून असा काही आवाज काढला की अख्खं कँटीन हसलं. तेव्हापासून तिथे त्याचीच चर्चा. माझ्या नावावरून काही सुचावं असं कोणालाच वाटलं नाही. दामाजी म्हणजे आजोबांचं नाव, त्यावर काय बोलणार.

त्याने मला एक गोष्ट नीट शिकवली. ‘सेट’ नावाच्या रकान्यात जो आकडा टाकू तिथपर्यंत टाकी तापते, वाफेचा व्हॉल्व्ह आपला आपण उघडतो. तो आकडा टाकण्याआधी ‘थांबव’चं बटण दाबायचं. म्हणजे ओळी जागच्या जागी थांबतात. म्हणाला, नाहीतर राजा, तू बोट उचलेपर्यंत ओळ सरकते, आणि तुझा आकडा भलत्याच टाकीच्या पोटात जातो.

मी म्हणालो की हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं.

१४ सप्टेंबर

टेबल जवळजवळ पूर्ण झालं. एक गोष्ट खटकते. सहानंतर एकदम आठ. भाऊंना विचारलं तर म्हणाले, राहू दे तसंच. कलावतीने कारण सांगितलं. सात नंबरचं झाकण उडालं होतं, दगडू नावाचा माणूस तिथेच गेला. टाकी काढून टाकली आणि तो नंबर पुन्हा कशालाच दिला नाही. आता नुसता चौथरा आहे. दसऱ्याला यंत्रांची पूजा होते तेव्हा पहिला नारळ तिथे फोडतात.

समजलं. पण सहानंतर आठ हे डोळ्यांना बरं दिसत नाही. मी सातवी ओळ घातली. वायर नाही, म्हणजे आकड्याच्या जागी नुसत्या रेघा यायला हव्यात.

सदतीस आले.

२२ सप्टेंबर

आई भेटायला आली. खाडीतला जिताडा घेऊन आली होती, विमलाबाईंच्या चुलीवर कालवण केलं. पोपट वासावर आला असं स्वतःच म्हणाला. आईने डोकं त्याच्या ताटात वाढलं. आमच्याकडे डोकं घरच्या मुलाला वाढतात. जाताना म्हणाली, किती गोड पोर आहे रे, तू असा घुम्यासारखा का बसतोस?

२४ सप्टेंबर

मोठे साहेब टेबल बघायला आले. भाऊंनी पोपटच्या पाठीवर थाप मारली. पोपट म्हणाला की मांडणी दामाजीची आहे, पण तोवर साहेब वळले होते. आणि त्याने सांगितलं याचाच मला जास्त राग आला.

दुपारी सातव्या ओळीत नावाच्या जागी त्याचं नाव टाकलं. पुसणारच होतो. तेवढ्यात तो उन्हातून सायकल मारत आला. आकडा थोडा वर गेला. पाणी पिऊन एसीपुढे बसला तसा खाली आला. नंतर तो जिना चढून आला तेव्हाही तसंच झालं.

पुसलं नाही.

३ ऑक्टोबर

परवा सातव्या ओळीच्या ‘सेट’मध्ये एकोणचाळीस टाकले. आधी थांबव दाबलं, नीट बघून टाकले. संध्याकाळपर्यंत पोपट कुडकुडायला लागला. भाऊंनी त्याला रिक्षाने घरी पाठवलं. कलावतीने सुंठीचा काढा करून दिला. मला गेल्या महिन्यात ताप होता तेव्हा कोणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सदतीस केले. बरा झाला. आल्या आल्या म्हणाला की माझं काम तू सांभाळलंस, उपकार झाले.

मला नीट झोप लागत नाही. पण मला फक्त दसऱ्यापर्यंत तो मागे पडायला हवा आहे. इतकंच.

दसरा

कारखाना बंद, पूजेपुरते सगळे आले. चौथऱ्यावर नारळ फुटला. मग कॉम्प्युटरला झेंडूचा हार. पूजेला भाऊंनी पोपटला बसवलं. त्याने माझ्या टेबलाला हळदकुंकू लावलं, काचेवर. मग साहेबांनी पक्कं केल्याचं पाकीट दिलं, आणि ते पोपटला दिलं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

पेढे घ्यायला सगळे खाली गेले. मी एकटा राहिलो. टाक्या थंड होत्या, त्यामुळे सगळ्यात वर पोपटची ओळ. तिच्याखाली आणखी एक ओळ होती, नाव नसलेली. ती मी घातलेली नाही. तिच्यातही सदतीसच्या आसपास. मी तिकडे फारसं पाहिलं नाही. खालून त्याचा तो मिरचीचा आवाज आला आणि सगळे हसले. माझे कान तापले, डोळ्यांपुढे काही दिसेना. वरच्या ओळीत त्रेचाळीस टाकले. एंटर.

मग पाहिलं.

ओळी सरकल्या होत्या. नाव नसलेली वर. त्रेचाळीस तिच्यापुढे.

थांबव दाबलं नव्हतं मी.

तेवढ्यात सगळे पेढे घेऊन वर आले. भाऊंनी मला खुर्चीवरून उठवलं, म्हणाले, चल रे, सणाचा दिवस आहे, बंद कर आता. मी काय सांगणार होतो?

दसऱ्यानंतरचा दिवस

अंगात ताप. विमलाबाईंच्या थर्मामीटरवर एकशे दोन. आपल्या एकोणचाळीसला तेवढेच होतात. कामावर जायला उठलो, जिन्यावर पडलो. त्यांनी धरून वर आणलं.

संध्याकाळी पोपट आला. मोसंबी आणली. थंडगार हात कपाळावर ठेवला. म्हणाला, अजिबात काळजी करू नकोस, तुझं टेबल मी कुलूपबंद केलंय. तू येईपर्यंत एक आकडा कोणी बदलणार नाही. एक बिननावाची ओळ दिसली, तुझं काहीतरी अर्धवट राहिलं असेल, तुझ्या हातची ओळ मी कशाला पुसू?

किल्ली आता त्याच्याकडे असते. पक्का झाला ना.

एका वाक्यात सांगता आलं असतं. सदतीस कर. त्याने का म्हणून विचारलंही नसतं, तसाच सायकल मारत गेला असता. आणि मग मी जन्मभर त्याच्यामुळे जिवंत.

नाही सांगितलं. उद्या बरं वाटलं की मीच जाईन.

त्याच्या पुढचा

एकशे चार. म्हणजे चाळीस. हळूहळू चढतंय, आमच्या टाक्या चढतात तसंच. डॉक्टरांनी सुई दिली, उतरला नाही. पोपटने ठाण्याला निरोप धाडला, आई आली. ओल्या पट्ट्या ठेवते आणि विचारते, पोपट कधी येईल, त्याला कळेल काय करायचं ते. मी तिच्यासमोर पडलोय आणि ती दाराकडे बघतेय—

संध्याकाळ असावी

पारा आणखी वर. अक्षर हलतंय. पट्टी ठेवली की लगेच सुकते. आई रडतेय. मेलो तर ती—

सांगतो. लिहून ठेवतो, बोलता येत नाही, जीभ लाकडासारखी. पोपट, बिननावाची ओळ माझी आहे. त्रेचाळीसचे सदतीस कर. कुलूप काढलंस की आधी थांबव दाब, तुझी ओळ लगेच खाली आहे, घाईत तुझ्यावर—आधी थांबव—

जिन्यावर पाय वाजतात. धावत येतोय तोच. आला की वही त्याच्या हातात द्यायची. बस, एवढंच—

आला. धापा टाकतोय. माझ्याकडे बघून त्याला रडू फुटलं.

आई म्हणाली, दमलास रं पोरा, बस. तांब्या माझ्या उशाशी होता. मला तहान लागलीय हे तिला माहीत आहे. उचलला, आणि आधी त्याला—

पोपट विचारतोय काय लिहितोस, दाखव.

मी वही उशीखाली