मधली सीट

प्रिय धोंडे,

विहीणबाई म्हणून मायना लिहिणार होते, पण तुला वाटायचं मानपानाचं काही राहिलंय. फोन केला तर विमानाचं नाव काढल्याबरोबर तुला आवाज येईनासा होतो. म्हणून हे पत्र. आमचा म्हातारा वज्रेश्वरीला निघालाय, त्याच्या हाती देतेय. चौथीपर्यंत एका बाकावर बसलोय, तुला माझं अक्षर लागेल. नाहीच लागलं तर भावजयीकडून वाचून घे, पण तिच्यासमोर डोळ्यांना पदर लावू नको, ती गावभर करील.

काल अमेरिकेहून पूर्वाचा फोन आला होता. माझ्या नातवाची, दर्शनची बायको झाली तरी ती आधी तुझी नात. तिची आई गेल्यापासून तूच वाढवलीस. सातवा लागलाय तिला. म्हणाली, आजी गुडघ्याचं कारण सांगते. मी म्हटलं, तुझ्या हळदीला नाचताना तो गुडघा कुठं होता? हसली, आणि लगेच विचारलं, पण ती येईल ना? पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. तिचं माहेर म्हणजे तू, दुसरं कोण हाय? व्हिसाचा शिक्का बसेपर्यंत बरी धावत होतीस. तिकिटाची वेळ आली आणि तू वज्रेश्वरीजवळ अकलोलीला भावाकडे जाऊन कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलीस.

तर ऐक. गेल्या वर्षी मी दर्शनकडे अमेरिकेला गेले ते आवणीला, भात लावायला जावं तशी. शेतात आडोसा नसतो म्हणून आपण बायका दिवसभर पाणी पीत न्हाय, तीच खोड मी विमानात नेली. त्यात हट्टानं खिडकी मागून घेतलेली. ढग म्हणजे पिंजलेला कापूस, एकदा बघितला की झालं. उठायचं तर दोन माणसं उठवावी लागतात, मग मी लाजून उठलेच न्हाय. उतरायच्या वेळी पाय असे सुजले की जोडवी बोटांत रुतली. तिथल्या जेवण वाढणाऱ्या पोरीनं खाली बसून, साबण लावून, एकेक हळूच काढली. माझ्या पायाला हात लावायला तिला किळस आली न्हाय, देव तिचं भलं करो. पण नवरा जिवंत असताना परकीकडून जोडवी काढून घेणारी आपल्या खारबाव गावात मीच पहिली. म्हाताऱ्याला हे ठाऊक न्हाय, म्हणून पाकीट चिकटवलंय.

येताना मात्र शहाणी झाले. तू जोडवी घरीच ठेव. सैल पायमोजे घाल, घोटघोट पाणी पीत राहा, आणि लोक झोपले की सीटांमधल्या बोळातून चक्कर मार. कोणी बघत न्हाय, सगळे समोरच्या पडद्यात डोकं घालून असतात. जेवणाची ढकलगाडी आली की तेवढा पाय आत घे. कमरेमागं जुन्या लुगड्याची घडी ठेव, तिथली उशी म्हणजे नुसतं नाव. विमानतळावर चाकाची खुर्ची देतात, ती मुकाट्यानं घे. तिथं तुझा ताठा बघायला कोणी येत न्हाय.

सीट मोबाइलवर आधीच निवडता येते. आमची सून मनीषा नकाशा काढून दाखवते, नाटकाच्या थिएटरसारखा. शेवटची रांग नको, तिथं पाठ मागं जात न्हाय आणि संडासची लाईन डोक्यावर उभी. पंखाजवळ हादरे कमी. डावीकडच्या तिघांतली कडेची घेतली की तुझा उजवा गुडघा बोळाकडे येतो, हवा तेव्हा लांब करायचा. मधली सीट मात्र वैऱ्यालाही देऊ नये. ना खिडकी, ना वाट, दोन्ही बाजूंनी दुसऱ्यांची कोपरं.

अशा मधल्या सीटवर बसलेली एकच बाई मी पाहिलीय. भरतच्या वेळी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या आणि दामूच्या विटांच्या टेम्पोतून भिवंडीला निघालो. तुला वारा लागू दे म्हणून मला खिडकीशी बसवलंस आणि स्वतः मधे, गियरचा दांडा मांड्यांमध्ये घेऊन. दामू गियर टाकी तसा तो तुझ्या गुडघ्यावर आपटे, आणि मी तुझ्या दंडाला चावत होते. वर तू त्यालाच शिव्या घालत होतीस, की हळू हाक रे मेल्या. भरत धडधाकट जन्मला म्हणून दर्शन झाला, आणि आता तुझ्या पूर्वाच्या पोटी त्याचं पोर हाय. त्या दिवसाबद्दल मी तुला कधी दोन शब्द बोलले न्हाय. आपल्यात तसं बोलायची पद्धत न्हाय, आणि आताही मला ते जमायचं न्हाय.

म्हणून मनीषाला सांगून काल दोन तिकिटं काढली. डावीकडची कडेची तुझी. खिडकीशी कोण परका येईल तो येवो, मधली माझी. सासरची म्हातारी पहिल्या बाळंतपणाला निघाली म्हणून लोक नावं ठेवतील, ठेवू देत. बाळाला न्हाऊ घालायचा मान तुझा, मी कांदे चिरीन. विमान हललं आणि तुला भीती वाटली तर माझा दंड हाय. चाव खुशाल.

आता पाय पुसून कुंडातून बाहेर ये.

शेजारच्या सीटवरची, तुझीच,
कमळी