आईच्या हातची माती

१० जून, बोईसर
पाऊस थांबायचं नाव नाही. ह्यांचा कंपनीचा शर्ट पंख्याखाली तीन दिवस ओलाच. माहेरी सांगोल्याकडे टिपूस नाही. अण्णांचा फोन, तोच प्रश्न, "तुमच्याकडं पडला का?" तिकडे कोरडं ठणठणीत, तरी घराच्या सपाट छतावर, माळवदावर, पांढरी माती चढवून मोकळे. "मिरगाआधी पांढरी पडलीच पायजे." सत्तरीचा माणूस एकटा राहतो आणि डोक्यावर पाटी घेऊन शिडी चढतो! आई असती तर रागावली असती. माझं कोण ऐकतं?

२१ जुलै
तिकडे अजून काही नाही. बाजरी उगवून करपली.
जेवणाच्या सुट्टीत सुरेखाला माळवदाबद्दल सांगितलं. मनोरकडच्या पाड्यातली, पॅकिंगला माझ्या शेजारी असते. "घरावर माती? नि उतार पन नाय? आमच्याकडं एका दिसात चिखल व्हल." मी फणकाऱ्याने म्हटलं, आमच्याकडे पाऊस पडतोच किती? ती म्हणाली, "आता कुठं कसा पडल, काय नेम नाय. गेल्या साली आमचं भाताच्या रोपांचं आवण सुकलं, नि कापनीला धो धो."
उगाच चिडले तिच्यावर.

४ सप्टें.
पडला. सगळ्या पावसाळ्याचा एकाच संध्याकाळी. ओढ्याला पूर, गावात दोन घरांच्या भिंती गेल्या. अण्णा खुशीत, "विहीर भरली गं!" स्वयंपाकघरात गळत होतं, वर चार पाट्या माती टाकली, थांबलं. मीही म्हटलं, बरं केलंत.

५ सप्टें.
आज व्हिडिओ कॉल. अण्णा माळवदावर, कठड्यावर बसलेले. बोलणं डोक्यात शिरेना. लहानपणी मी तिथे कुरडया राखायला बसायचे तेव्हा तो कठडा माझ्या छातीला लागायचा. आज मातीच्या वर जेमतेम वीतभर दिसला.
म्हणजे बाकीचा कठडा मातीत.
दरवर्षी एक थर. पूर्वी पावसाने थोडी वाहून जायची, म्हणून नवी टाकायची. कोरड्या वर्षांत काहीच वाहून गेलं नाही, पण टाकायचं कुणी थांबवलं नाही. ते सगळं ओझं आता भिजलंय, खाली त्याच जुन्या कडुनिंबाच्या तुळया. आणि खाली अण्णांची बाज. भीती वाटते.

६ सप्टें.
भांडण. "अण्णा, माती उतरवा." "येडी झालीस का? गळू नये म्हणून टाकलेली माती काढू?" हे म्हणाले, इकडे आण त्यांना. मागे आले होते की. "ह्या कारखान्यांच्या वासात माणसं राहत्यात?" म्हणून तिसऱ्या दिवशी पळाले.
शेवटी कबूल झाले, रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपतो म्हणाले.

८ सप्टें.
"शाळेतच हाय गं, झोपायलोय." फोनमध्ये मागून आमच्या घराच्या पत्र्याच्या दाराची करकर ऐकू आली. खोटारडा म्हातारा. रडू आलं, राग पण.

११ सप्टें.
ऊन पडलं तिकडे. काय मनात आलं कोण जाणे, सकाळी स्वतःच खोरं घेऊन वर चढले. तुळई रात्री कडकडून बोलली म्हणे. म्हणजे घरातच होते.
दुपारपर्यंत निम्मी माती खाली. मग फोन. आवाज वेगळा. "खाली तुझ्या आईची लागली."
मला कळेना.
"तिनं टाकलेली गं. चाळून टाकायची ती. पिठावाणी बारीक. एक खडा नाय." मग म्हणाले, "ही ऱ्हाऊ दे."
मी म्हटलं, भिजली की तीही जडच होणार, अण्णा.

१२ सप्टें.
सकाळी पुन्हा अण्णांशी बोलले. तिकडे आभाळ काळं झालंय. आईच्या मातीवर प्लास्टिक अंथरलंय, कडेला दगड ठेवलेत. शाळेत जा म्हटलं. "जातो." मग म्हणाले, "सारा जन्म ये बाबा ये म्हनलो पावसाला. आता जा म्हनायचं कुठल्या तोंडानं?"
रजा मिळाली. उद्या पहाटे निघते. सुरेखाने जुनी ताडपत्री आणून दिली, "बापाला सांग, उतार देऊन बांध."
अण्णांना एकच सांगायचं राहिलंय. आईची माती तुम्ही काढू नका, मी येऊन माझ्या हाताने उतरवते, तोवर घराबाहेर बसा.
रिंग जातेय. उचलत नाहीत.