बाबांची डावी बाजू

ठाकुर्ली,
रविवार, ७ नोव्हेंबर १९९३

प्रिय दादा,

तुला आणि शेवंतीवहिनीला नमस्कार. नाशिकला थंडी सुरू झाली असेल. इथे आम्ही ठीक. आईचे गुडघे दुखतात, तरी चकलीची भाजणी तिने दळून आणलीच. माझं पत्र बघून तुला नवल वाटेल, रागही येईल. पण फाडू नकोस, आधी वाच. मला इतकं सांगायचंय की हात पुरत नाहीये.

दादा, ऑगस्टमध्ये तू आलेलास तेव्हा बाबांनी तुझ्यापासून तोंड फिरवलं नव्हतं!

थांब, नीट सांगते. सोमवारी कल्याणला कॉलेजात आमच्या मानसशास्त्राच्या बाई मेंदूबद्दल शिकवत होत्या. म्हणाल्या, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की कधीकधी माणसाचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्याच्या लेखी नसतंच. फळ्यावर त्यांनी अशा एका पेशंटने काढलेलं घड्याळ काढून दाखवलं. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबलेले, डावा अर्धा कोरा. मी बाकावरून उभीच राहिले. म्हटलं, "बाई, हे माझे वडील आहेत!" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

तुला माहीत नाही, पण अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच टाकतात, भातही अर्धाच खातात. दाढी करतात ती उजव्या गालाची. आई रुसलेली, "माझ्या हातचं नकोसं झालंय त्यांना." सोमवारी घरी आले आणि त्यांचं ताट नुसतं फिरवलं. बाबा म्हणाले, "अगं, कोशिंबीर कधी वाढलीस?" आणि सगळी खाल्ली! आई पदराने डोळे पुसत हसायला लागली.

गुरुवारी बाई घरी आल्या. बाबांना म्हणाल्या, "काका, डोळे मिटा. तुम्ही स्टेशनवरून घरी येताय, गल्लीच्या तोंडाशी उभे आहात. काय काय दिसतं सांगा."

"पिठाची गिरणी. ठमाबाईचं भाजीचं दुकान. मारुतीचं देऊळ. मग आमची चाळ."

"अजून काही?"

"बत्तीस वर्षं खोपट डेपोतून एसटी काढली मी. रस्ता विसरेन होय?"

दादा, ही सगळी उजवी बाजू! डावीकडचं एकही नाव नाही. मग बाई म्हणाल्या, "आता घरातून निघालात, स्टेशनकडे चाललाय." आणि बाबा भराभर बोलायला लागले. "लाँड्री. रेशनचं दुकान." गिरणी नाही, देऊळ नाही. मघाशी नव्हती ती बाजू जागी झाली, आणि होती ती गेली! म्हणजे आठवणी सगळ्या शाबूत आहेत, फक्त मनातल्या मनातसुद्धा त्यांची नजर डावीकडे वळत नाही. आणि काही गायब आहे हे त्यांना कळतही नाही, त्यांना जग पुरं वाटतं. तेव्हापासून मला झोप लागत नाही. आपल्यालाही जग पुरंच वाटतं ना? मग आपल्याला काय दिसत नाहीये, हे आपल्याला कोण सांगणार?

पण खरी गोष्ट पुढे आहे. रेशनच्या दुकानानंतर बाबा थांबले. मग म्हणाले, "त्याच्या शेजारी आमच्या उत्तमचं दुकान. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा. पाटीचा एक खिळा निघालेला, कधी ठोकलान नाही. वाऱ्यावर हलायची. येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात पडली असती."

एसटीतली नोकरी नाकारलीस म्हणून दोन वर्षं ज्या दुकानासमोरून ते मान वळवून जात होते, त्याच्या पाटीचा खिळा त्यांना माहीत होता, दादा. चार वर्षं झाली दुकान बंद होऊन.

आता तो दिवस आठव. दाराजवळचं स्टूल त्यांच्या डाव्या अंगाला. तू तिथे बसलास. "बाबा" म्हणालास, आणि त्यांनी मान उजवीकडे, माझ्याकडे वळवली. बाई म्हणतात, अशा माणसाला डावीकडून आलेली हाकसुद्धा उजवीकडून आल्यासारखी वाटू शकते. ते तुला शोधत होते! तुला वाटलं, दुकानासमोरून वळवायचे तशीच मान वळवली. तू तडक उठून गेलास, आई देवळातून परत यायच्या आत.

इथपर्यंत लिहिलं आणि तासभर पेन खाली ठेवला. उरलेलं लिहायची हिंमत होत नव्हती.

तू गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "आवाज उत्तमसारखा वाटला. आलेला का तो?" मी म्हटलं, "नाही, बाबा. कोणी नाही."

का म्हटलं? त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. तू चार वर्षांनी येऊन दहा मिनिटं बसलास आणि ते लगेच तुझं नाव घेतात, मी मात्र त्यांचं सगळं अंथरुणात करते, त्याचा मला राग आला होता. पुढे त्यांना आणि आईलाही रोज सांगेन म्हटलं, आणि रोज ते अवघड होत गेलं. आपण मरायला टेकलो तरी मुलगा आला नाही, या समजुतीत त्यांनी अडीच महिने काढले. यात मेंदूचा काही दोष नाही. ते मी केलं.

आज सकाळी त्यांच्या उजव्या बाजूला बसून सगळं सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. पण ते एवढंच म्हणाले, "त्याला चहा तरी दिला होतास का?"

मी नाही म्हटलं. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

दादा, मला माफ करू नकोस हवं तर. पण भाऊबीजेची वाट बघू नकोस, पत्र मिळेल त्या दिवशी नीघ.

तुझी अपराधी बहीण,
मंदाकिनी