राखेतला पंजा

चॅलिस, आयडाहो
२ सप्टेंबर

प्रिय बाबा,

आम्ही दोघं सुखरूप आहोत आणि तुमचा जुना ट्रकही. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही खुर्चीतून उठाल.

आज सकाळी जंगलातला मुक्काम हलवला. पस्तीस मैल खाली आल्यावर मला काही केल्या आठवेना, शेकोटीच्या राखेत हात घालून ती गार झाल्याची खात्री केली होती का? पाणी ओतलं, ढवळलं, तेवढं आठवत होतं. महिनाभर पाऊस नाही, गवत वाळून कडकडीत झालेलं. मी ट्रक थांबवायला लावला.

"शोभतेस बापाची लेक! गेलं आता गावातलं जेवण," तुमचा जावई वेड म्हणाला. पण ट्रक त्यानेच वळवला.

वाटेत कुणीतरी कुरणातून गाडी घालून चाकोऱ्या पाडल्यात. तिकडून अर्धा तास वाचला असता. मी नुसतं बघितलं, तर म्हणतो, "बघूसुद्धा नकोस, कुरण मरतं." नकाशातल्या रस्त्यानेच गेलो.

राख गार होती, बाबा. आणि त्या ओल्या राखेत मधोमध पंजा उमटलेला, अंगठीच्या खुणेसकट. माझाच! लहानपणी विझवलेल्या प्रत्येक शेकोटीत तुम्ही आधी स्वतःचा, मग माझा हात घालायचात. तो हात मला न विचारताच काम करून आला होता.

दादा सांगत होता, गॅस बंद केला का ते बघायला तुम्ही दिवसातून दहादा उठता. चिडचिड करून घेऊ नका. तुमच्या हाताने तो बंद केलेलाच असतो.

तरी एकदा दादाला बघू दे.

राखेचा वास अजून न गेलेल्या हाताने,
तुमची लोरना