सीट पक्की बसली आहे

३ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज तारीख सांगितली. एप्रिलचा मध्य. म्हणजे वेळच वेळ आहे.

परतताना बायको म्हणाली, बाळासाठी गाडीत बसवायची सीट घ्यायला हवी, दवाखान्यातून घरी आणतानाच लागते. मी म्हटलं, हे खातं माझ्याकडे दे. पाइपांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून मी उगाच बसलेलो नाही. शेकडो माणसांची डोकी माझ्या हेल्मेटांखाली शाबूत आहेत. एक चिमुकलं माणूस गाडीतून घरी आणणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

रविवारी दुकानात जाऊन विषय संपवतो.

४ मार्च, मंगळवार

जेवणाच्या सुट्टीत सीटबद्दल वाचायला घेतलं. विषय वाटतो तेवढा छोटा नाही. सुट्टी जरा लांबली. साहेबांनी काय चाललंय विचारलं. म्हटलं, सुरक्षेचंच काम आहे. यात खोटं काही नाही.

निश्चय: रोज अर्धा तास अभ्यास. मोबाइलवर दुसरं काही उघडायचं नाही.

५ मार्च, बुधवार

मोबाइलवर दुसरं उघडलं गेलं. उद्यापासून.

९ मार्च, रविवार

दुकानात गेलो. बायकोने आत शिरल्या शिरल्या एक करडी सीट पसंत केली. साधी, गाडीच्याच बेल्टने बसणारी, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे राहील अशी. म्हणे हलकी आहे, कापड धुता येतं, झालं. मी तिला शांतपणे समजावलं की घाई म्हणजे अपघाताला आमंत्रण. हे वाक्य मी कारखान्याच्या दारावर लावलंय.

मग विक्रेतीला प्रश्न विचारायला सुरुवात केली. धडक समोरून बसली तर काय, बाजूने बसली तर काय, गाडी उलटली तर काय, गाडी उलटून परत सुलटली तर काय. पहिल्या काहींची उत्तरं तिने छान दिली. नंतर ती दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेली. मी थांबलो. तोवर बायको लहान मुलांच्या खुर्च्यांतल्या एका खुर्चीवर पाय सोडून बसली होती. तिचे पाय हल्ली सुजतात.

काही न घेता परतलो. येताना तिने गाडीत डोळे मिटून घेतले. थकवा असणार.

१२ मार्च, बुधवार

मेव्हणा आला होता. दोन मुलांचा बाप झाल्यापासून स्वतःला या क्षेत्रातला अधिकारी समजतो. माळ्यावर त्याच्या धाकट्याची सीट पडून आहे, ती घेऊन जा म्हणाला. मी नम्रपणे नकार दिला. ज्या सीटचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ती वापरू नये असं शास्त्र आहे. तो म्हणाला, पूर्वेतिहास एवढाच की पोराने तिच्यात वर्षभर बिस्किटं चुरडली.

जाताना त्याने विचारलं, तू आजवर एखादं तान्हं बाळ हातात घेतलंयस का? मी विषय टाळला नाही. चहा गार झाला होता, तो गरम करायला आत गेलो, इतकंच.

१६ मार्च, रविवार

सीट घेतली. एकटाच गेलो, म्हणून काम झटपट झालं.

करडी नव्हे. करडी सामान्य माणसांसाठी ठीक आहे. मी हुकांची घेतली. गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्यात हे हुक टक्कन बसतात. बेल्टची भानगडच नाही. विक्रेतीने विचारलं, तुमच्या गाडीला कड्या आहेत का पाहिलंत? म्हटलं, कड्या प्रत्येक गाडीला असतात. ती बरं म्हणाली.

घरी खोका बघून बायको म्हणाली, करडी कुठाय? मी तिला हुक दाखवले. सासूबाईंना जास्त आवडले. त्या बाळंतपणासाठी आल्या आहेत. म्हणाल्या, जावईबापू, पडदे अडकवायला चांगले आहेत.

उद्या संध्याकाळी बसवतो. दोन मिनिटांचं काम.

१७ मार्च, सोमवार

कड्या सापडल्या नाहीत.

फटीत हात घालून शोधलं. सापडलं ते असं: एक कंगवा, माझा एक मोजा, पेनचं टोपण, आणि सासूबाईंचं गेल्या वर्षी हरवलेलं कानातलं. सासूबाई इतक्या हरखल्या की सगळी संध्याकाळ माझं कौतुक करत होत्या. ते मी ऐकलं, पण गाडीतूनच, कारण घड्याळ अडकून हात फटीत राहिला होता. शेवटी बायको अवघडलेली खाली आली आणि तिने फटीत तेल ओतलं. ते तेल बाळाच्या मालिशसाठी आणलेलं. म्हणजे बाळाच्या सामानातली पहिली वस्तू माझ्यावर खर्ची पडली.

कड्या आणखी आत असणार. चांगल्या गाड्यांत त्या खोल असतात.

१९ मार्च, बुधवार

गाडीचं माहितीपुस्तक वाचलं. आमची गाडी कड्या येण्याच्या आधीची आहे. वीस वर्षांनी मुलगी गाडीत कुठे बसेल याचाही मी आत्ताच विचार करतो, पण गाडी बनवणाऱ्यांना एवढंही सुचू नये, याचं नवल वाटतं.

(मुलगी लिहिलं. मुलगा असेल तरी चालेल.)

२२ मार्च, शनिवार

सीट बदलून आणली. सखोल तौलनिक अभ्यासाअंती करडी निवडली. बायको सोबत होती. तिने विक्रेतीकडे पाहिलं आणि दोघी हसल्या. बायकांचे विनोद वेगळे असतात.

२३ मार्च, रविवार

आज सीट बसवली. नवशिके हाताने दाबतात, मी गुडघा रोवून, अंगाचा सगळा भार टाकून बेल्ट खेचला. हत्ती आला तरी हलणार नाही अशी बसली. खाली चहा घेऊन आलेल्या सासूबाईंनी खोक्यावरचं चित्र निरखलं आणि विचारलं, चित्रातल्या बाळाचं तोंड मागे आहे, आपल्याचं पुढे कसं? मी सांगितलं की ही प्राथमिक चाचणी होती. त्या म्हणाल्या, असेल.

प्राथमिक चाचणी सोडवायला दुपार गेली.

मग सीट उलटी करून माझ्या सीटच्या मागे बसवली. तेव्हा कळलं की आता माझी सीट मागे सरत नाही. स्टिअरिंगमागे बसलो की गुडघे हॉर्नला लागतात. मी दोन-तीन फेऱ्या मारून पाहिल्या. वळताना हॉर्न वाजतो, पण वळताना हॉर्न वाजवणं तसंही चांगलंच. बायकोने गॅलरीतून पाहिलं आणि म्हणाली, दुसऱ्या बाजूला बसव ना. मी सांगितलं, तोच माझा पुढचा टप्पा होता.

तिसऱ्यांदा बसवली. पक्की. गुडघा सुजलाय. आता आमच्या दोघांचेही पाय सारखे दिसतात.

२४ मार्च, सोमवार

कारखान्यातून प्रथमोपचार शिकवायची रबरी बाहुली घरी आणली. सराव हवा. बाहुली ठेवायची, पट्टे खांद्यावरून घ्यायचे, खटका लावायचा, पट्टा खेचायचा, खांद्याशी तो चिमटीत येत नाही ना, म्हणजे सैल नाही ना, बघायचं. संपूर्ण यश. वेगही वाढला. पट्टे न सोडवताच बाहुलीला खालून ओढून काढण्याची युक्ती मी शोधली, त्यामुळे फार वेळ वाचला.

शेजारीणबाईंनी मला बाळ पायाला धरून गाडीतून काढताना पाहिलं. त्या धावत वर गेल्या. बायकोने त्यांना पाणी दिलं.

बाहुलीची मान सारखी मागे पडत होती. रबर स्वस्तातलं आहे. खऱ्या बाळाची मान जास्त मजबूत असते का, हे मेव्हण्याला सहज फोन करून विचारलं. तो म्हणाला, नाही रे, उलट. मग म्हणाला, जमेल तुला. मी त्याला ते विचारलंच नव्हतं.

तारखेला अजून भरपूर अवकाश आहे.

२६ मार्च, बुधवार

मुलगी.

तिने तारीख पाळली नाही. दोघी ठीक आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं काही नाही, जरा घाई केली इतकंच. बायको दमली आहे आणि हसते आहे.

फार लहान आहे. सीटच्या कुठल्याही माहितीपत्रकात माणूस इतकं लहान असल्याचं लिहिलेलं नव्हतं.

नर्सबाईंनी विचारलं, घेता का? माझे हात गार होते. सीट नीट आहे का बघायला खाली गेलो.

नीट होती.

२७ मार्च, गुरुवार

नर्सबाईंनी पुन्हा विचारलं. मला शिंक येईलसं वाटलं, म्हणून मागे झालो. शिंक आली नाही, पण धोका पत्करायचा नसतो. सासूबाईंनी घेतलं.

सीट दोनदा पाहून आलो. दवाखान्याचा पहारेकरी आता मला बघून मान हलवतो.

बायको माझ्याकडे बघत होती.

२९ मार्च, शनिवार

घरी आणली.

सीटमध्ये बायकोने ठेवली, पट्टे मी लावले. चिमटीची परीक्षा घेतली. उत्तीर्ण. मग गाडी काढली. सायकलवरच्या एका बाईने आम्हाला मागे टाकलं. मागे गाड्यांची वरात लागली. एकाने बाजूने जाताना काच खाली करून मला काहीतरी ऐकवलं. मागून सासूबाई म्हणाल्या, अगदीच चुकीचं नाही बोलला तो.

दारात पोचलो. बायकोला पडायचं होतं. ती आईच्या आधाराने वर निघाली आणि म्हणाली, हिला घेऊन ये.

इथे घोडं अडलं. खटका उघडेना. बाहुलीच्या वेळी मी तो कधी उघडलाच नव्हता. ओढलं, ढकललं, पिळलं. खालून ओढून काढण्याचा विचार मनात आला होता हे इथे लिहिण्याची गरज नाही. ती झोपली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो, दार उघडं ठेवून. बाहेर कुणीतरी पायपुसणी झटकत होतं. तिने एक डोळा उघडला, माझी पाहणी केली, आणि मिटला. अहवाल कसा आहे, कळलं नाही.

बऱ्याच वेळाने बायको कठड्याला धरून एकेक पायरी उतरत परत आली. तिने वाकून मधलं बटण दाबलं. पट्टे सुटले. ते बटण लाल आहे. आमच्या कारखान्यात लाल म्हणजे हात लावू नका असं शिकवतात, म्हणून मी ते सोडून बाकी सगळं दाबलं होतं. हे मी तिला सांगितलं. ती बाळाला घेऊन वर गेली.

तिला पुन्हा खाली यावं लागायला नको होतं.

३० मार्च, रविवार

काल घरी येताना मुलीने सीटवर थोडं दूध ओकलं होतं. स्वच्छता म्हणजे सुरक्षेची मोठी बहीण. कापड काढून धुतलं, वाळवलं. आता ते परत चढत नाही. एक कोपरा बसवला की समोरचा सुटतो. पट्टे नेमके कोणत्या भोकातून येत होते याबद्दल माझं आणि खोक्यावरच्या चित्राचं एकमत नाही.

उद्या तिला मुलांच्या डॉक्टरांना दाखवायचं आहे. मी बायकोला सांगितलं की वेळ पुढची घेऊ, गाडी तयार नाही. ती म्हणाली, डॉक्टर आपल्या गल्लीच्या टोकाला बसतात, औषधाच्या दुकानाच्या वर. चालत जाऊ.

विचारलं, चालत म्हणजे, कशात घालून?

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, हातात.

३१ मार्च, सोमवार

रजा टाकली. सासूबाईंकडे पिशवी आणि फाइल. बायकोला अजून फार वेळ उचलून चालवत नाही. हे सगळं मला दिसत होतं, तरी मी छत्री घेतली. ऊन लागू नये म्हणून.

दारातच बायको थांबली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "पंधरा दिवस ती सीट उचलून फिरलास. आता हिला घे."

मी म्हटलं, मान.

"मानेखाली हात ठेव. बाकी काही नसतं त्यात."

मी म्हटलं, माझ्या हातून पडली तर.

हे मी आजवर कुणाला म्हटलं नव्हतं. सासूबाई उगाच पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. बायको म्हणाली, "मलाही पहिल्या दिवशी हेच वाटलं होतं. तू तेव्हा खाली गाडीपाशी होतास." आणि तिने छत्री काढून घेतली आणि मुलीला माझ्या हातात ठेवलं.

बाहुलीपेक्षा हलकी आहे. पण गरम आहे, आणि हलते. पट्टा नाही, खटका नाही, काही नाही.

निघालो. काठी टेकत जाणाऱ्या एका आजोबांनी आम्हाला ओलांडलं आणि पुढे जाऊन काळजीने वळून पाहिलं. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना इतक्या वेळा पाहिलं की बायको आणि सासूबाई पलीकडे पोचून बाकावर बसल्या. मध्येच बाही ओली झाली. तक्रार नाही.

डॉक्टर म्हणाले, वजनकाट्यावर ठेवा. मी ठेवली नाही. काट्याला कठडा नव्हता. त्यांनी पुन्हा सांगितलं. शेवटी सासूबाईंनी माझी बोटं एकेक करून सोडवली. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, बाळ उत्तम आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाले, तुम्ही मात्र आता श्वास सोडा.

येतानाही मीच आणली.

हे डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लागणार नाही. उजवा हात कोपरात वाकला आहे तो सरळ होत नाही. मघाशी बायको म्हणाली, हात खाली घे आता. मी हळूच म्हटलं, थांब, तिचं डोकं आहे.

मुलगी केव्हाची पाळण्यात झोपली होती.